खाण गेली, पण बेट कोणाचे?

३१ डिसेंबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या एका बेटावरचे वाळूचे खाणकाम कायद्याने बंद झाले. सत्तर वर्षे चाललेला धंदा थांबला. या बेटाचे सरकारदरबारी नाव नॉर्थ स्ट्रॅडब्रोक. तेथील मूळचे आदिवासी, क्वांडामूका लोक, त्याला मिंजेरिबा म्हणतात. आम्हीही या लेखात तेच नाव वापरणार आहोत. गोऱ्या साहेबाने आपल्या सरदाराच्या नावाने ठेवलेले नाव वापरण्याचे आम्हाला काही कारण नाही.

खाण बंद झाल्यावर तेथे आता पर्यटनावर पोट भरण्याची व्यवस्था उभी केली जात आहे. तीही निसर्ग राखून चालणाऱ्या, टिकाऊ पर्यटनाची. आमच्या वाचकांपैकी काही जण म्हणतील की, सातासमुद्रापलीकडच्या दोन हजार वस्तीच्या बेटाशी आमच्या चळवळीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. खाण हवी की पर्यटन, असा प्रश्न जेथे जेथे विचारला जातो तेथे तेथे एक दुसरा प्रश्न गुपचूप बाजूला सारला जातो. जमीन कोणाची? हा प्रश्न आधी सुटला तर काय होते आणि शेवटी सुटला तर काय होते, हे एकाच किनाऱ्यावरच्या दोन बेटांवर दाखवता येते. म्हणून हा लेख.

प्रथम बेट समजून घेऊ. ब्रिस्बेन शहरासमोर मोरेटन उपसागर आहे, त्याच्या तोंडाशी हे बेट. क्लीव्हलँडच्या धक्क्यावरून गाड्यांसह बोटीत बसले की पाऊण तासात डनविच गावाला उतरता येते. लांबी-रुंदीने सुमारे २७५ चौरस किलोमीटर, आणि सगळे वाळूचे. जगातल्या वाळूच्या बेटांत दुसऱ्या क्रमांकाचे. वाळूच्या टेकड्यांच्या पोटात घट्ट थर आहेत, त्यावर पावसाचे पाणी साठून तळी झाली आहेत. पुरातत्त्व संशोधकांना येथे वीस हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे मिळाले आहेत. म्हणजे मोहेंजोदडोची पहिली वीट पडली त्याच्याही पंधरा-सोळा हजार वर्षे आधी येथे माणसे मासे भाजून खात होती.

या वाळूत रूटाइल, झिरकॉन, इल्मेनाइट ही जड खनिजे असतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टाईल्समध्ये, वेल्डिंगच्या कांडीवरच्या लेपात ती लागतात. आपल्याकडे केरळच्या चवऱ्यात आणि कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आढळते तीच ही काळी वाळू. काढण्याची पद्धत अशी की, टेकडीच्या मधोमध पाण्याचे तळे करायचे, त्यात ड्रेजर तरंगत सोडायचा, तो समोरची टेकडी खात पुढे सरकतो आणि चाळलेली वाळू मागे ओकत जातो. जड कण वेगळे होतात, बाकीची वाळू मागे ढीग घालून त्यावर झाडे लावली जातात. कंपनी त्याला पुनर्वसन म्हणते. पण हजारो वर्षांत बसलेले थर एकदा मोडल्यावर वरून झाडे लावून ते परत बसत नाहीत. त्या टेकड्यांत पूर्वजांच्या खुणा होत्या, त्याही गेल्या.

१९४९-५० च्या सुमारास हे सुरू झाले. तेव्हा क्वांडामूका लोकांना कोणी विचारले नाही, कारण कायद्याच्या लेखी ते जमिनीचे कोणीच नव्हते.

पण ते गप्प बसणारे लोक नव्हते, आणि येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबून त्यांचा इतिहास वाचावा. १८६० च्या दशकात सरकारने डनविचला एक मोठे आश्रयगृह काढले. मुख्य भूमीवरचे म्हातारे, अपंग, निराधार गोरे तेथे आणून ठेवत. त्यांचे लाकूड तोडणे, रस्ते करणे, गुरे राखणे, मैला काढणे ही कामे कोण करणार? बेटावरचे आदिवासी. त्यांची एक 'गँग'च होती. मोबदला म्हणजे शिधा आणि नाममात्र पैसे. त्यात १८९७ च्या क्वीन्सलँडच्या 'संरक्षण' कायद्याने आदिवासींचे फिरणे, लग्न करणे, कमावणे सगळे सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवले होते. मजुरी मजुराच्या हातात न देता सरकारी खात्यात टाकायची आणि तेथून ती गायब व्हायची, असा प्रकार त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या चालला. या चोरलेल्या मजुरीपोटी २०१९ साली क्वीन्सलँड सरकारला १९ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली, हे ध्यानात घ्या. वतनाचा तुकडा दाखवून अहोरात्र राबवून घेण्याची महारवतनाची रीत आणि ही रीत, दोन्हींच्या मागचे डोके एकच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महारवतनाविरुद्ध बिल आणले, त्याच काळात मिंजेरिबावरचे मजूर समान वेतनासाठी अर्ज-विनंत्या, संघटना, संप असा झगडा करीत होते. सुमारे पंचवीस वर्षे झगडून १९४४ साली त्यांनी समान वेतन मिळवले. देशातल्या गुराख्या आदिवासींना समान वेतनाचा निवाडा मिळायला १९६६ साल उजाडले. यावरून या बेटाचे पाणी कळते.

जवळच पील नावाचे छोटे बेट आहे. १९०७ ते १९५९ तेथे कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवत. रोग एकच, पण गोऱ्या रुग्णाला स्वतंत्र खोली आणि काळ्या रुग्णांना पत्र्याच्या झोपडीत दाटीवाटीने. महारोगातसुद्धा वर्ण पाळणारी माणसे फक्त आपल्याच देशात झाली असे समजण्याचे कारण नाही.

त्या मजुरांच्या गँगमध्ये टेड रस्का नावाचा एक लढाऊ माणूस होता. त्याची मुलगी कॅथ, १९२० साली याच बेटावर जन्मली, तेराव्या वर्षी ब्रिस्बेनमध्ये गोऱ्यांच्या घरी मोलकरीण झाली. १९६४ साली तिचा कवितासंग्रह निघाला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासीने लिहून छापलेला तो पहिला कवितासंग्रह. १९६७ च्या सार्वमतासाठी तिने देश पिंजून काढला. त्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजण्याच्या बाजूने कौल दिला. होय, तोवर ते मोजलेही जात नव्हते! राणीने दिलेला किताब तिने १९८७ साली परत केला आणि उड्जेरू नूनूकल हे आपल्या टोळीचे नाव धारण केले. सत्तरच्या दशकापासून ती मिंजेरिबावर राहिली, हजारो मुलांना तिने बेटाची ओळख करून दिली, आणि वाळू उपसण्याला ती विरोध करीत राहिली. तिचा मुलगा डेनिस वॉकर हा १९७२ च्या सुरुवातीला ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाची ब्लॅक पँथर पार्टी काढणाऱ्यांपैकी एक. आणि त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार आणि डेनिस वॉकर यांची कधी भेट झाली नसेल. एकाच अमेरिकन ठिणगीने दोन महासागरांच्या काठावर एकाच वर्षी पेट घेतला, एवढे मात्र खरे. तेव्हा आमचा काय संबंध, हे विचारणाऱ्यांना आमचे एवढे उत्तर पुरे आहे.

आता कायद्याकडे येऊ. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्याचा निकाल दिला. एडी माबो हा टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा माणूस, विद्यापीठात माळीकाम करणारा. इंग्रज आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती, हे दोनशे वर्षे चाललेले कायदेशीर खोटे त्याच्या खटल्याने मोडले. निकाल ऐकायला तो मात्र जिवंत नव्हता, पाच महिने आधी कॅन्सरने गेला. १९९३ साली आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला आणि १९९५ साली क्वांडामूका लोकांनी दावा लावला.

तो दावा सोळा वर्षे चालला. कारण कायदा म्हणतो, सिद्ध करा. तुमच्या पूर्वजांचा या भूमीशी असलेला संबंध इंग्रजांच्या आगमनापासून आजवर तुटलेला नाही, हे तुम्ही सिद्ध करा. ज्यांनी तो तोडण्यासाठी कायदे केले, मिशन काढले, पोरे पळवली, त्यांनी काही सिद्ध करायचे नाही! २००२ साली योर्टा योर्टा या टोळीचा दावा याच मुद्द्यावर फेटाळला गेला. आम्ही वकिली करतो म्हणून आम्हाला हे ऐकताना आपला २००६ चा वनहक्क कायदा आठवल्याशिवाय राहत नाही. जंगलात राहणाऱ्या, पण अनुसूचित जमातीत नसलेल्या आमच्या बांधवांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करायचा. ज्याच्या आज्याला पाटलाने कागद दिला नाही, त्याच्या नातवाकडे सरकार कागद मागते. वडीलधाऱ्यांचे लेखी कथन हा त्या नियमांत मान्य केलेला पुरावा आहे, विहिरी, स्मशाने, घरांच्या जोत्यांच्या खुणा हाही पुरावा आहे; तरी तालुक्याच्या कचेरीत 'कागद कुठाय' हेच पालुपद असते.

मिंजेरिबाच्या म्हाताऱ्यांनी आपली कथने दिली. ४ जुलै २०११ रोजी फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती बेटावर आले आणि तेथेच निवाडा वाचला. जमीन आणि समुद्र मिळून ५४,४०८ हेक्टरवर क्वांडामूका लोकांचा भूमिहक्क मान्य झाला. आकडा मोठा आहे, पण वकिलाने आकडा फोडून पाहावा. त्यातला निखळ, दुसऱ्या कोणाला वगळण्याचा हक्क फक्त २,२६४ हेक्टरवर. उरलेले २२,६३९ हेक्टर जमीन आणि २९,५०५ हेक्टर पाणी हे इतरांच्या हक्कांसह, वाटून. खाणीचे पट्टे या दुसऱ्या प्रकारात. म्हणजे निवाड्याने खाण बंद झाली नाही. पण एक गोष्ट झाली. बेटाबद्दल काहीही ठरवायचे तर या लोकांना बोलावून टेबलापाशी बसवणे भाग पडले. त्यांचे स्वतःचे भूमिहक्क मंडळ त्यांच्या वतीने सह्या करू लागले.

खाण बंद करण्याचा कायदाही त्याच वर्षीचा. राज्याच्या मुख्यमंत्री अ‍ॅना ब्लाय यांच्या सरकारने २०११ साली केला आणि मुख्य खाणीला २०१९ ची मुदत घातली. मग पुढचा तमाशा पाहा. २०१२ साली निवडणूक आली. विरोधी नेते कॅम्पबेल न्यूमन ज्या अ‍ॅशग्रोव्ह मतदारसंघातून उभे होते तेथे खाणमालक सिबेल्को कंपनीने नव्वद हजारांहून अधिक डॉलर प्रचारावर खर्च केले. बेट एकीकडे आणि हा मतदारसंघ शहरात, दुसरीकडे! न्यूमन निवडून आले, मुख्यमंत्री झाले, आणि २०१३ साली त्यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून खाणीला २०३५ पर्यंत वाट मोकळी केली. यात बेकायदा काही सिद्ध झालेले नाही, हे आम्ही वकील या नात्याने नमूद करतो. नागरिक या नात्याने काय वाटते ते वाचकांना सांगायला नको.

क्वांडामूका मंडळाने या दुरुस्तीला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठात आव्हान दिले. २०१५ च्या जानेवारीत न्यूमन यांचे सरकार गेले, त्यांची स्वतःची अ‍ॅशग्रोव्हची जागाही गेली. मे २०१६ मध्ये नव्या सरकारने २०१३ ची दुरुस्ती रद्द करून २०१९ ची मुदत पुन्हा घातली.

एक गोष्ट येथे लपवता कामा नये. बेटावर खाण बंद व्हावी असे सगळ्यांनाच वाटत नव्हते. खाणीत काम करणारे गोरे कामगार होते तसे क्वांडामूकाही होते. ज्याच्या घरात खाणीचा पगार येतो त्याला टेकडीचे पावित्र्य सांगणे सोपे नसते, आणि त्याला कंपनीचा दलाल म्हणणे तर अन्यायच. हातातली नोकरी जाणाऱ्याची भीती खरीच असते. म्हणून तर खाण बंद करणाऱ्या सरकारची परीक्षा ही त्या कामगाराला काय दिले यावर व्हावी. क्वीन्सलँड सरकारने बेटाच्या आर्थिक स्थित्यंतरासाठी सुमारे दोन कोटी डॉलरचा कार्यक्रम केला आणि खाण कामगारांना पुन्हा शिकवण्यासाठी, कामाला लावण्यासाठी, भरपाईसाठी पन्नास लाखांचा वेगळा निधी ठेवला. सत्तर वर्षांत जे नेले त्यापुढे हे किती, हा हिशेब वाचकांनीच करावा.

आता दुसरे बेट. मिंजेरिबाच्या उत्तरेला, त्याच किनाऱ्यावर, जगातले सर्वांत मोठे वाळूचे बेट आहे. बुचुल्ला लोकांचे हे बेट, नाव गर्री. लिहिताना पुढे एक मुका 'के' लावतात. गोऱ्यांनी त्याचे नाव फ्रेझर ठेवले. का? १८३६ साली एक जहाज फुटून एलायझा फ्रेझर नावाची कप्तानाची बायको या बेटावर आली. बुचुल्लांमध्ये राहून ती जिवंत परतली आणि मग रानटी नरभक्षकांच्या तावडीतून सुटल्याच्या कहाण्या लंडनपर्यंत विकल्या गेल्या. ज्यांनी जगवले ते रानटी, आणि नाव तिच्या आडनावाचे! १८९७ साली बुचुल्लांना बोगिम्बाच्या मिशनमध्ये कोंडले, तेथे ते उपासमारीने आणि रोगाने मेले, १९०४ साली मिशन बंद करून उरलेल्यांना दूरदूरच्या वसाहतींत हाकलून दिले. बेट रिकामे झाले.

तेथेही हीच वाळू, हीच खनिजे. मर्फीओर्स नावाच्या कंपनीला ती परदेशी विकायची होती. पर्यावरणवाद्यांनी मोठी चळवळ केली, निर्यात परवान्याचा निर्णय घेण्याआधी केंद्र सरकारने पर्यावरणाची चौकशी लावली, कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९७६ साली हरली. निर्यातीचा परवाना देताना केंद्राला पर्यावरणाचा विचार करता येतो, असा तो निकाल. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. त्याच वर्षाअखेर खाणकाम थांबले. मग पर्यटन आले. १९९२ साली जागतिक वारसा म्हणून बेटाची नोंद झाली. वाळूवरून पळणाऱ्या जीपगाड्या, निळ्या तळ्यांचे फोटो, हॉटेले, टूर कंपन्या, वर्षाला लाखांनी माणसे. खाणीऐवजी पर्यटन कसे यशस्वी होते याचे उदाहरण म्हणून हे बेट दाखवले जाऊ लागले.

आणि बुचुल्ला? त्यांचा भूमिहक्क मान्य झाला २४ ऑक्टोबर २०१४ रोजी. खाण थांबून अडतीस वर्षे झाल्यावर! तोही निखळ नव्हे, वाटून. तोवर कोणत्या तळ्यावर किती गाड्या न्यायच्या, परवान्याची फी कोणाच्या तिजोरीत जायची, कोणता धंदा कोणाला, सगळे ठरून गेले होते. त्यांच्या पदरी पडले ते आयत्या मांडलेल्या दुकानात उशिरा आलेल्या भागीदाराचे स्थान. बेटाला त्याचे मूळ नाव सरकारने परत दिले तेही जून २०२३ मध्ये.

गर्रीवर खाण हटवणारे लोक भले होते. त्यांनी टेकड्या वाचवल्या, आम्ही त्यांचा मान राखतो. पण त्यांच्या नजरेला निसर्ग दिसला आणि त्या निसर्गाचा धनी दिसला नाही. आपल्याकडच्या कित्येक पर्यावरणवाद्यांची हीच गत आहे. वाघ दिसतो, त्या रानातला कोलाम दिसत नाही.

मिंजेरिबावर क्रम उलटा झाला. भूमिहक्क २०११ ला, खाण बंद २०१९ ला. मधल्या आठ वर्षांत मंडळाने तयारी केली. फरक बघायचा तर किनाऱ्यावर बघा. बेटाच्या समुद्रकाठी तंबू ठोकायच्या जागा मंडळाची स्वतःची संस्था चालवते. पुळणीवर गाडी न्यायची तर परवाना तिच्याकडून घ्यावा लागतो. ब्रिस्बेनचा गोरा साहेब सुट्टीला येतो, परवान्याचे पैसे भरतो, ते क्वांडामूका लोकांच्या संस्थेत जमा होतात. नारी बुजोंग जारा, म्हणजे 'माझी धरणीमाता', या नावाचे राष्ट्रीय उद्यान २०११ साली जाहीर झाले आणि त्याचा कारभार सरकार व क्वांडामूका मिळून करतात. उद्यानाचा रखवालदार हा त्याच भूमीचा मुलगा असू शकतो, आणि कोणत्या वणव्याला कधी, कसा जाळपट्टा काढायचा हे त्याच्या आजीने शिकवलेले ज्ञान तेथे पगारी काम ठरते. २०१४ च्या जानेवारीत बेटाचा निम्म्याहून जास्त भाग वणव्यात जळला होता, तेव्हा या ज्ञानाची किंमत सरकारलाही कळली.

म्हणजे सगळे आलबेल झाले काय? नाही. खाण बंद होऊन तीन महिने होतात न होतात तोच २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला. राज्याच्या सीमा बंद, बोटी रिकाम्या. पर्यटनावर पोट बांधणाऱ्याला हा धडा फार लवकर मिळाला. खाणीचा पगार बारमाही असतो, पर्यटकांचा पैसा हंगामी असतो. खोल्या झाडण्याची, चादरी बदलण्याची कामे खाणीच्या कामाइतका पगार देत नाहीत. शिवाय पॉइंट लुकआउटला शहरातल्या पैसेवाल्यांची सुट्टीची घरे आहेत, वर्षातले कित्येक महिने त्यांना कुलूप असते. आणि पर्यटन वाढेल तसे भाडे वाढते, मग बेटावरच्या तरुण जोडप्याला बेटावर घर परवडत नाही. २०३२ चे ऑलिंपिक ब्रिस्बेनला आहे. तेव्हा या बेटावर कोणाकोणाची नजर पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

वाद आपसातही आहेत. देवमाशाचा सांगाडा मांडून पर्यटकांसाठी केंद्र बांधण्याची योजना पॉइंट लुकआउटच्या टोकावर आखली गेली, तेव्हा गोऱ्या रहिवाशांबरोबर काही क्वांडामूका कुटुंबांनीही तिला विरोध केला. ती जागाच पवित्र आहे, तेथे काँक्रीट नको, असे त्यांचे म्हणणे. मंडळ म्हणते, आम्ही निवडून आलेले, आम्ही ठरवू. आम्ही या भांडणात न्यायाधीश होणार नाही. मात्र हे भांडण आपल्या घरातले, आपल्या अंगणाबद्दलचे आहे. गर्रीवर १९८० साली बुचुल्लांना असे भांडायलाही जागा नव्हती.

दुसरी एक शंका आम्हाला सतावते. पर्यटक पैसे देऊन 'संस्कृती' पाहायला येतो. अंगाला रंग लावून नाचणारा आदिवासी त्याला हवा असतो. समान वेतनासाठी पंचवीस वर्षे भांडणारा मजूर, पँथर काढणारा डेनिस वॉकर त्याला नको असतो. १९४४ चा विजय पर्यटकाला तितक्याच जोरात सांगितला जाईल तेव्हा आम्ही म्हणू की ही संस्कृती क्वांडामूकांनीच मांडली आहे. आपल्याकडे लेण्यांचे काय झाले ते आपण जाणतोच. बुद्धाची लेणी, माहिती 'पांडवांची', आणि बाहेर नारळपाण्याची टपरी.

कोकणचे उदाहरण हाताशी आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. त्याच जिल्ह्यात कळण्याला लोहखनिजाची खाणही निघाली. शेजारच्या गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणी थांबवल्या, २०१८ साली नूतनीकरण झालेले पट्टे रद्द केले. या सगळ्यात खाणवाले विरुद्ध पर्यटनवाले अशी चर्चा भरपूर झाली. मालवणच्या किनाऱ्यावरील गाबतांच्या, आमच्या बौद्धवाड्यांच्या नावावर सातबारा किती, आणि हॉटेल उभे राहिले तर त्यांना गल्ल्यावर बसता येईल की भांडी घासावी लागतील, ही चर्चा कोणत्या सभेत झाली? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले तेव्हा ही मंडळी जमिनीच्या प्रश्नाला जातीय म्हणत होती.

मिंजेरिबावरचा एक हिशेब अजून बाकी आहे. निघून गेलेल्या वाळूचा. खनिजावरची रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत गेली, नफा कंपन्यांनी नेला. २०१९ साली टिंबर क्रीकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायपीठाने भूमिहक्क हिरावल्याबद्दल प्रथमच भरपाईचे मोजमाप ठरवले आणि सुमारे पंचवीस लाख डॉलर दिले, त्यात भूमीशी असलेल्या आत्मिक नात्याच्या हानीचीही रक्कम धरली. हा मोठाच निकाल. पण भरपाईचा हा दरवाजा मुख्यतः ३१ ऑक्टोबर १९७५ नंतरच्या कृत्यांसाठी उघडतो, कारण त्या दिवशी वंशभेदविरोधी कायदा अमलात आला. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायपीठाने नॉर्दर्न टेरिटरीतल्या गोव्ह येथील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात १९७५ च्या मागेही जाता येते असे म्हटले; मात्र तो प्रदेश तेव्हा केंद्राच्या ताब्यात होता आणि राज्यघटनेतली रास्त मोबदल्याची हमी केंद्राला बांधते, राज्यांना नाही. क्वीन्सलँड हे राज्य आहे. तेव्हा आमच्या वाचनाप्रमाणे १९४९ पासून १९७५ पर्यंत ड्रेजरने ज्या टेकड्या खाल्ल्या त्यांचा मोबदला मागण्यासाठी क्वांडामूका लोकांना आजच्या कायद्यात एकही कलम सापडत नाही.